उसनं दिलेलं पुस्तक

 

दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा आपल्या राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा सलीम अलींचा. २०२० सालापासून सरकारी पातळीवर हा सप्ताह साजरा होतो. केंद्रावरच्या ताईंनी मला विचारलं, या आठवड्यात तू काय बोलशील? मी म्हटलं, मला पक्ष्यांतलं फार कळत नाही. मी बचत गटांची समन्वयक. मला उसनवारी, परतफेड, व्याज आणि हिशेबाची वही एवढं कळतं. त्या म्हणाल्या, मग त्यावरच बोल. म्हणून आज मी पक्ष्यांच्या पुस्तकांच्या उसनवारीचा इतिहास सांगणार आहे.

सुरुवात रद्दीपासून करते. तीन वर्षांपूर्वी गटाच्या कामासाठी तालुक्याला गेले होते. रद्दीच्या दुकानात वजनकाट्यावर जुन्या वह्यांचा गठ्ठा ठेवलेला, आणि त्यातून एक चित्राचं पान बाहेर डोकावत होतं. पिवळ्या डोक्याचा पक्षी, खाली लोंबतं घरटं. ओढून काढलं तर लहान मुलांचं चित्रपुस्तक निघालं. वरचं कव्हर नाही, पहिली दोन पानं नाहीत. कोणी लिहिलं, कोणी काढलं, काही पत्ता नाही. दुकानदाराने दहा रुपये घेतले. मी ते पिशवीत टाकलं आणि विसरले.

आठवलं ते महिन्याच्या बैठकीत. आपल्या बैठका कशा असतात तुम्हाला माहीत आहे. बाया बारा आणि पोरं पंधरा. हप्ते गोळा होतायत, कोणी पैसे मोजतंय, आणि पोरं एकमेकांचे केस ओढतायत. मी ते पुस्तक त्यांच्यापुढे टाकलं, नुसतं गप्प बसावीत म्हणून. दहा मिनिटं खरंच गप्प झाली. मग एक मुलगी उठून माझ्याजवळ आली आणि चित्रावर बोट ठेवून म्हणाली, "ताई, हे आमच्या विहिरीवर आहे. पण ही बाई आहे का बुवा?"

मला उत्तर येत नव्हतं. सुगरण म्हणजे बाईच असणार, असं मी सांगून टाकलं. ते चूक होतं. का ते पुढे सांगते.

त्या चित्राने मला माझं लहानपण आठवलं. मी चौथीत असेन. गणपतीच्या आरासेत सुगरणीचं घरटं टांगायचं मनात आलं. आमच्या मळ्यातल्या विहिरीवर बाभळीची फांदी पाण्यावर झुकली होती आणि तिला आठ-दहा घरटी लोंबत होती. मी आकडीने एक ओढून काढलं. खाली पडलं तेव्हा आतून काहीतरी फुटल्याचा आवाज आला. पांढरी अंडी होती. आजी मागेच उभी होती. तिने मारलं नाही, रागावलीही नाही. एवढंच म्हणाली, "पोरी, भरल्या घराला हात लावला तू." त्या वर्षी मी आरासेकडे नीट पाहिलंही नाही.

पुढे शिकले. बी.ए.ला इतिहास घेतला. राजे, तह, लढाया, सनावळ्या पाठ केल्या. पण घरट्याचासुद्धा मोसम असतो, कधी ते भरलेलं असतं आणि कधी रिकामं, एवढी साधी गोष्ट मला शाळेच्या कुठल्याच पुस्तकाने सांगितली नव्हती. मग प्रश्न पडला, हे ज्ञान आलं कुठून? कोणी गोळा केलं आणि ते मुलांपर्यंत कधी पोचलं? मी वाचायला लागले.

एक नाव तुम्ही शाळेत ऐकलंय. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. १८८५ साली काँग्रेसची स्थापना झाली त्यात पुढाकार घेणारा इंग्रज अधिकारी. तोच ह्यूम पक्ष्यांच्या मागे वेडा होता. १८७३ साली त्याने भारतातल्या पक्ष्यांची घरटी आणि अंडी यांवर मोठा ग्रंथ काढला. देशभरातले साहेबलोक त्याला पत्रं आणि नमुने पाठवायचे. त्या काळी पक्षी जाणून घेणं म्हणजे पक्षी मारून त्याचं कातडं जपणं आणि घरट्यातली अंडी काढून पेटीत मांडणं. सिमल्याच्या त्याच्या बंगल्यात पक्ष्यांचे आणि अंड्यांचे हजारो नमुने होते. आज आपल्याला वाईट वाटतं, पण ती त्या काळाची पद्धत होती. त्याच नोंदींवर पुढचं सगळं उभं राहिलं, हेही खरं.

आणि त्या बंगल्यात काय झालं ऐका. ह्यूमने पंचवीसेक वर्षं जमवलेल्या टिपणांची हस्तलिखितं होती. १८८०च्या दशकात तो घरी नसताना नोकराने ती बाजारात रद्दी म्हणून विकली. सगळ्या हिंदुस्थानच्या पक्ष्यांवर मोठा ग्रंथ लिहायचं त्याच्या मनात होतं, ते तिथेच राहिलं. उरलेला संग्रह त्याने लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. मी हे वाचलं तेव्हा माझ्या दहा रुपयांच्या पुस्तकाकडे पाहिलं. कागद एका घरातून रद्दीत जातो तेव्हा काय काय जातं, हे विकणाऱ्याला कधीच कळत नाही.

आता सिमल्याहून मुंबईला येऊ. १८८३ साली मुंबईत आठ जणांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी काढली. तिच्या सुरुवातीच्या मंडळींत एडवर्ड हॅमिल्टन एटकिन नावाचा गृहस्थ होता. मिठाच्या आणि जकातीच्या खात्यात नोकरीला. जन्म आपल्या साताऱ्याचा, १८५१चा. 'ईहा' या टोपणनावाने तो लिहायचा आणि हसत-खेळत लिहायचा. १९०० साली त्याचं मुंबईतल्या नेहमीच्या पक्ष्यांवरचं पुस्तक निघालं. दुर्मीळ पक्षी नाहीत, घराच्या खिडकीतून दिसणारे पक्षी.

त्यानंतर काही वर्षांनी एक मुलगा त्या सोसायटीच्या दारात उभा राहिला. वय दहा-बाराचं. वडील तो एक वर्षाचा असताना गेलेले, आई तो तीन वर्षांचा असताना. खेतवाडीत मामा-मामींनी वाढवलेला. त्याने खेळातल्या बंदुकीने एक चिमणी पाडली होती, पण तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. हा कुठला पक्षी, म्हणून त्याने मामांना विचारलं. मामांना सांगता येईना. त्यांनी चिठ्ठी देऊन त्याला सोसायटीचे सचिव मिलार्ड साहेब यांच्याकडे पाठवलं. एवढ्या मोठ्या ऑफिसात जाताना पोराचे पाय लटपटत असणार. पण मिलार्ड यांनी त्याला हाकललं नाही. कप्पे उघडून भारतातल्या पक्ष्यांचे नमुने दाखवले. आणि जाताना काही पुस्तकं वाचायला दिली. त्यात ईहाचं ते मुंबईच्या पक्ष्यांचं पुस्तकही होतं.

तो मुलगा म्हणजे सलीम अली. जन्म १८९६, मृत्यू १९८७. भारतात पक्ष्यांचा अभ्यास म्हटलं की पहिलं नाव त्यांचंच येतं. १९४१ साली त्यांचं 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' आलं आणि त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. पुढे त्यांनी आत्मचरित्र लिहिलं, त्याच्या नावातही ती पडलेली चिमणीच आहे. मैत्रिणींनो, मिलार्ड साहेबांनी त्या दिवशी काय केलं? पोराला पुस्तक उसनं दिलं. तारण नाही, जामीन नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर बिनव्याजी कर्ज. त्या कर्जाची परतफेड अख्ख्या देशाला मिळाली.

आता सुगरणीकडे येते. १९३० साल. सलीम अली जर्मनीहून पक्षिशास्त्र शिकून परत आले तर मुंबईच्या म्युझियममधली त्यांची जागा पैशांअभावी बंद झालेली. हातात नोकरी नाही. ते आणि त्यांच्या पत्नी तेहमिना अलिबागजवळ किहीमला, समुद्रकाठच्या गावात राहायला गेले. घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. पावसाळ्यात त्यांनी तिथे तासन्‌तास बसून फक्त पाहिलं. अंडी काढली नाहीत, पेट्या भरल्या नाहीत. एक घरटं रोज किती वाढतं, कोण येतं, कोण जातं, एवढंच टिपलं. १९३१ साली त्यांचा लेख सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला.

आणि त्यात आमच्या गटातल्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर होतं. घरटं विणतो तो नर. पिवळ्या डोक्याचा तो बुवा. गवताची, उसाच्या पातीची, शिंदीच्या झावळीची लांब चीर चोचीने काढायची आणि गाठी मारत, ओवत विणायचं. एका घरट्यासाठी पाचशेपर्यंत खेपा होतात आणि अडीच-एक आठवडे लागतात. पण पहिल्या आठवडाभरात घरटं अर्धवट, उलट्या टोपीसारखं झालं, की तो थांबतो. पंख फडफडवून ओरडतो. मग मादी येते. ती आत शिरते, चोचीने ओढून बघते, फांदी बघते. पसंत पडलं तर राहते, नाही तर उडून जाते. पसंती मिळाली की मगच तो खालची लांब नळी पुरी करतो. आतलं अस्तर ती लावते. पुढे दोन ते चार पांढरी अंडी, ती उबवणं तिच्याकडे, पिलांना भरवणंही बहुतेक तिच्याकडे. आणि बुवा? तो शेजारच्या फांदीवर दुसरं घरटं बांधायला घेतो, दुसऱ्या बाईसाठी.

बैठकीत हे वाचून दाखवलं तेव्हा जी हशा पिकला तो तुम्हाला रेडिओवरून ऐकवता येत नाही. एक काकू म्हणाल्या, "घर त्याने बांधलं, संसार तिने ओढला. मग सुगरण नाव काय चुकलं?" दुसरी म्हणाली, "पण पसंती तिची हं. आपल्याला कोणी विचारलं होतं?" त्यानंतर थोडा वेळ कोणीच काही बोललं नाही.

घरट्याच्या आत मातीचे गोळे लावलेले असतात. माझी आजी सांगायची, सुगरण त्या चिखलात काजवे चिकटवते, रात्री उजेड पडावा म्हणून. ही समजूत देशभर आहे, पण त्याला आधार मिळालेला नाही. वाऱ्यात घरटं फार हेलकावू नये म्हणून वजनाला माती असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. मला मात्र आजीचा काजवा आवडतो. म्हणून मी मुलांना दोन्ही सांगते, आणि कुठली गोष्ट आहे आणि कुठलं निरीक्षण आहे तेही सांगते.

आपण तापीकाठच्या बाया. सुगरणीचं नाव निघालं की बहिणाबाईंचं नाव निघणारच. बहिणाबाई चौधरी आसोद्याच्या, जळगावला दिलेल्या. जन्म १८८०, मृत्यू १९५१. अक्षरओळख नाही. ऐन तिशीत विधवा झाल्या, तीन लेकरं, शेतीचं काम. त्यांनी खोप्यावर गाणं रचलं ते आज लहान मुलालाही पाठ असतं. त्या गाण्यात विणणारी मादी आहे. शास्त्राने पाहिलं तर तिथे नर हवा. पण मला वाटतं, सलीम अली किहीमला बसून जे बघत होते, ते कसब बहिणाबाई शेताच्या बांधावरून बघत होत्या. एकाकडे वही होती, दुसरीकडे जातं होतं. त्यांच्या ओव्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरच्या माणसांनी उतरवून ठेवल्या. आईच्या मागे सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' छापून आलं. ती वही रद्दीत गेली असती तर? आपल्या आज्यांच्या अशा किती वह्या झाल्याच नाहीत.

आता मुलांच्या पुस्तकांकडे वळू. सुगरणीची गोष्ट आपल्याकडे फार जुनी आहे. पंचतंत्रात पावसात कुडकुडणाऱ्या माकडाला पक्षीण शहाणपण शिकवते आणि माकड तिचं घरटं विस्कटून टाकतं. पण ती गोष्ट माणसांना शहाणं करायला सांगितलेली. खुद्द पक्षी कसा जगतो, हे मुलांना दाखवायची पद्धत बरीच नंतर आली.

आपल्या राज्यात त्यासाठी दोन बायांची आठवण काढली पाहिजे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. १९४५ साली ताराबाईंनी बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं, पुढे ते कोसबादच्या टेकडीवर वारली मुलांत गेलं. मुलं बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडी त्यांच्या अंगणात नेऊ, म्हणून अंगणवाडी. मोठी मुलं गुरांमागे जातात, तर शाळा कुरणात नेऊ, म्हणून कुरणशाळा. महागडी साधनं परवडत नव्हती म्हणून बिया, शंख, पानं, पिसं हेच शिकायचं साहित्य. गुराखी पोराला कुठल्या झाडावर कोणाचं घरटं आहे ते मास्तरांपेक्षा जास्त माहीत असतं. त्याच्या या माहितीला शाळेत जागा दिली ती या दोघींनी.

दिल्लीत १९५७ साली नॅशनल बुक ट्रस्ट स्थापन झाला, सगळ्या भाषांत स्वस्त आणि चांगली पुस्तकं काढायला. १९६७ साली सलीम अली आणि लईक फतेहअली या दोघांनी मिळून नेहमीच्या पक्ष्यांवर पुस्तक लिहिलं ते ट्रस्टनेच काढलं. आणि १९७० साली मुलांसाठीच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेत 'वॉचिंग बर्ड्स' नावाचं छोटं सचित्र पुस्तक आलं. लेखिका जमाल आरा.

हे नाव मी कधी ऐकलं नव्हतं. बिहारमधल्या बाढ गावी १९२३ साली जन्म. शिक्षण दहावीपर्यंत. लग्न झालं, मोडलं. लहान मुलीला घेऊन वनखात्यातल्या एका नातेवाईक अधिकाऱ्याच्या आधाराने त्या छोटा नागपूरच्या जंगलात राहिल्या. तिथे पक्षी पाहायला लागल्या, टिपणं ठेवायला लागल्या. १९४०च्या दशकाच्या शेवटापासून त्यांचे लेख बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या त्याच नियतकालिकात येऊ लागले, जिथे सलीम अलींचा सुगरणीवरचा लेख आला होता. पदवी नाही, पगार नाही, आणि साठांहून जास्त लेख. शेवटची वर्षं आजारपणात गेली आणि १९९५ साली त्या वारल्या तेव्हा फारसं कोणाच्या लक्षात नव्हतं. २०२३ साली निसर्गात काम करणाऱ्या बायांवरचं एक इंग्रजी पुस्तक आलं, त्यात त्यांची हकीकत नीट लिहिली गेली. पण मुलांचं ते छोटं पुस्तक मात्र या सगळ्या वर्षांत छापलं जात होतं. कुठल्या कुठल्या शाळेत, कुठल्या कुठल्या पोराच्या हातात जात होतं. बाईचं नाव विसरलं गेलं, पुस्तक फिरत राहिलं.

मराठीत हे काम चितमपल्लींनी केलं. जन्म १९३२ सोलापूरचा, नोकरी वनखात्यात, २०२५ साली वारले. रानात हिंडताना त्यांनी आदिवासींकडून पक्ष्यांची नावं आणि शब्द गोळा केले, काही स्वतः घडवले. कावळ्यांच्या वसाहतीला काकागार, बगळ्यांच्या वसाहतीला सारंगागार. शब्द मिळाला की मुलाला ती गोष्ट वेगळी दिसायला लागते.

आणि आता तर पुस्तकं फुकट आहेत. २०१५ साली प्रथम बुक्स या संस्थेने स्टोरीवीव्हर सुरू केलं. त्यावरची चित्रपुस्तकं मोबाईलवर वाचता येतात, छापून घेता येतात, आपल्या भाषेत उतरवताही येतात, आणि हे सगळं परवानगीने, चोरून नाही. मराठीत कितीतरी आहेत.

मग अडचण कुठे आहे? कपाटाच्या कुलपात. एका शाळेत मी स्वतः पाहिलं. चित्रपुस्तकांचं खोकं आलेलं, दोरी न सोडलेलं. मी विचारलं तर उत्तर आलं, "मुलं फाडतात हो, मग हिशेब कोण देणार?" मला राग आला, पण थोडं समजलंही. आपणही गटाची शिलाई मशीन पहिलं वर्षभर प्लास्टिकखाली झाकून ठेवली होती. खराब होईल या भीतीने न वापरलेली वस्तू तशीच जुनी होते.

म्हणून आमच्या गटाने ठराव केला. सरळ झाला नाही. दोघी म्हणाल्या, गटाचा पैसा पोरांच्या चित्रांवर कशाला? बरोबर प्रश्न होता. मग गटाच्या बचतीला हात न लावता प्रत्येकीने वीस-वीस रुपये वेगळे काढले. सात पुस्तकं झाली, काही छापून आणलेली, एक ते रद्दीतलं. एक कापडी पिशवी शिवली. एक वही केली, अगदी कर्जाच्या वहीसारखी. पुस्तक कोणी नेलं, कधी नेलं, कधी आणलं. मुदत पंधरा दिवस. आणि व्याज? व्याज म्हणजे पुस्तक परत करताना त्या मुलाने स्वतः पाहिलेली पक्ष्याची एक गोष्ट सांगायची. ती त्याच वहीत लिहायची.

खोटं सांगत नाही. दोन पुस्तकं गेली ती गेलीच. एक पावसात भिजलं. एकाच्या पानांवर कोणी तरी बेरजा केल्या. पण व्याज असं जमलं की बँकेला लाज वाटावी. एका ताईचा मुलगा शाळेत मागे बसणारा, सकाळ-संध्याकाळ शेळ्या राखणारा. त्याने सांगितलं, "सुगरणीची घरटी झाडाच्या उगवतीच्या बाजूला जास्त असतात." आमच्या पुस्तकात हे नव्हतं. मी नंतर वाचलं तर अभ्यासकांनीही तेच नोंदलंय. पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून आडोशाची बाजू. त्या पोराने ते कुठे वाचलं नव्हतं, झाडाखाली उभं राहून पाहिलं होतं. ज्या दिवशी त्याचं वाक्य मी मोठ्याने वाचलं, त्या दिवसापासून तो वही कोणाला हात लावू देत नाही.

मागच्या श्रावणात खरी परीक्षा आली. त्याच मुलीच्या विहिरीवरची बाभूळ तोडायचं ठरलं. मोटारीची वायर तिथून न्यायची होती. बाभळीवर चौदा घरटी, पोरांनी मोजलेली. मालक म्हणाले, हेच पक्षी आमची बाजरी खातात. तेही खोटं नाही. आमच्या काकू त्यांना म्हणाल्या, "भाऊ, दाणे खातात तसे पिलांना किडेही भरवतात. आणि महिनाभराने पिलं उडून जातील, मग तोडा. भरलं घर नका पाडू." १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अंडी फोडणं, घरटी विस्कटणं हे शिकारीतच धरलं आहे, हेही मी हळूच सांगितलं. कायद्यापेक्षा काकूंचा शब्द चालला असं मला वाटतं. ते थांबले. पिलं उडाली. दिवाळीनंतर त्यांनी बाभूळ तोडली.

पोरं रडली. या वर्षी पावसाळ्यात ती रोज जाऊन बघत होती. पक्षी आले, जुन्या जागी दोन दिवस घिरट्या घातल्या आणि पलीकडच्या नाल्यावरच्या शिंदीवर घरटी बांधली. चौदाची सहा झाली. वहीत तारखेसह लिहिलंय. मला बी.ए.ला शिकवलेल्या इतिहासात आणि या नोंदीत मला फार फरक दिसत नाही. कोणी तरी पाहिलं, कोणी तरी लिहिलं, आणि वही जपून ठेवली.

मैत्रिणींनो, तुमच्यातल्या कितीतरी जणी म्हणतील, मला वाचता येत नाही, मी पोराला पुस्तक काय दाखवू? चित्राचं पुस्तक वाचायला अक्षर लागत नाही. मांडीवर घ्या, पान उघडा, विचारा, हे कुठे पाहिलंस? हा काय करतोय? तुमच्या आजीने काय सांगितलं होतं ते सांगा. अक्षरं पोरगं तुम्हाला वाचून दाखवेल.

सध्या कार्तिक आहे, सुगरणीची घरटी बहुधा रिकामी झाली असतील. पण ओढून काढायच्या आधी खाली उभं राहून दोन दिवस बघा, कोणी ये-जा करतंय का. सगळेच पक्षी पावसाळ्यात वीण घालत नाहीत, दुसऱ्या कोणाचं घर भरलेलं असू शकतं. खाली गळून पडलेलं घरटं मिळालं तर बैठकीत आणा, पोरांना उलगडून बघू द्या, गाठी मोजू द्या.

आणि घरात मुलांचं जुनं चित्रपुस्तक असेल, मुलं मोठी झाली असतील, तर ते रद्दीत घालू नका. शेजारच्या पोराला उसनं द्या. वहीत नाव लिहा आणि व्याज मागायला विसरू नका.

आमच्या त्या रद्दीतल्या पुस्तकाला आता नवं कव्हर आहे. पोरांनीच काढलंय. बाभूळ, विहीर, आणि उगवतीच्या बाजूला चौदा घरटी.

पुढच्या बुधवारी भेटू. नमस्कार.